रस्ता, शर्यत आणि स्थलनामे : स्पा–फ्रँकोरशाँच्या जुन्या मार्गाचा परिचय

मोटारींच्या शर्यतींचे मार्ग स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या मार्गांचा. इंग्लंडातील ब्रुकलंड्स (१९०७) आणि इटलीतील मोन्झा (१९२२) ही त्याची जुनी उदाहरणे होत. दुसरा प्रकार याहून साधा आहे. गावांना जोडणारे वहिवाटीचे रस्ते वर्षातून काही दिवस रहदारीस बंद करावयाचे, त्यांवर शर्यत भरवावयाची, आणि ती संपली की तेच रस्ते शेतकऱ्याला, टपालवाल्याला व शाळेच्या मुलांना पुन्हा मोकळे करून द्यावयाचे, अशी ही रीत.

या दुसऱ्या प्रकारच्या मार्गास भेट देणाऱ्या मोटारप्रेमी प्रवाशापुढे एक अडचण उभी राहते. पाहण्याजोगे असे तेथे फारसे काही उरलेले नसते. बांधीव मार्गावर निदान प्रेक्षकांच्या बैठका व उतरत्या भिंती तरी दिसतात. येथे डांबरी रस्ता, त्याच्या कडेचे कुंपण, चार घरे आणि दिशादर्शक पाटी एवढाच ऐवज असतो. ज्या ठिकाणी ताशी २७० किलोमीटरहून अधिक वेगाने मोटारी धावल्या, त्याच ठिकाणी आज एखादा ट्रॅक्टर संथपणे वळताना आढळतो. असा प्रवासी बहुधा एक फेरी मारतो, दोन छायाचित्रे घेतो आणि काहीशा निराशेने परततो.

मार्ग मूक असला तरी त्याची नावे मूक नसतात. अशा रस्त्याच्या प्रत्येक वळणास, चढास व सरळ पट्ट्यास नाव असते, आणि त्यांतील बहुतेक नावे शर्यतीच्या संयोजकांनी घडविलेली नसून भूमीवर आधीपासूनच रुजलेली असतात. ती वाचता आली तर रस्ता कसा घडला, तेथे वेग का शक्य झाला आणि त्या वेगाची किंमत कोणी कशी चुकविली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळू लागतात. बेल्जियममधील स्पा–फ्रँकोरशाँ या मार्गाच्या आधारे हे येथे स्पष्ट करण्याचा हेतू आहे.

१. त्रिकोण आणि सीमा

बेल्जियमच्या पूर्व भागात, आर्देनच्या डोंगराळ व अरण्यमय प्रदेशात, फ्रँकोरशाँ हे खेडे आणि मालमेदी व स्ताव्हलो ही दोन लहान नगरे वसलेली आहेत. या तिघांना जोडणाऱ्या रस्त्यांचा एक त्रिकोण होतो. १९२० च्या सुमारास लिएज येथील ‘ला मझ’ या वृत्तपत्राचे झूल दे तिए आणि बेल्जियमच्या शाही मोटार क्लबाचे आंरी लांग्लवा व्हान ऑफेम यांनी या त्रिकोणावर शर्यत भरविण्याची कल्पना पुढे आणली. १९२१ साली योजलेल्या मोटारशर्यतीसाठी एकच नाव नोंदले गेल्यामुळे ती होऊ शकली नाही आणि मार्गाचे उद्‌घाटन मोटारसायकलींच्या हातून झाले. मोटारींची पहिली शर्यत १९२२ साली झाली. १९२४ मध्ये चोवीस तासांची शर्यत सुरू झाली आणि १९२५ मध्ये बेल्जियमची पहिली ग्रां प्री येथे होऊन ती आन्तोनिओ आस्कारी याने आल्फा रोमिओ मोटारीतून जिंकली. आरंभी हा मार्ग सुमारे १५ किलोमीटरांचा होता. पुढील सुधारणांनंतर त्याची लांबी १४ किलोमीटरांच्या आसपास आली.

हा त्रिकोण दिसतो तितका निरुपद्रवी नाही. स्ताव्हलो व मालमेदी येथील मठांची स्थापना सातव्या शतकात संत रेमाक्ल याने केली, आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळापर्यंत ही दोन्ही नगरे एकाच मठाधिपतीच्या सत्तेखाली होती. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने ही जोडी फोडली. मालमेदी प्रशियाकडे गेले. स्ताव्हलो नेदरलंड्सकडे आणि १८३० नंतर बेल्जियमकडे. मालमेदीचे लोक वालोन ही रोमान्स कुळातील बोली बोलत असूनही जर्मन राज्याचे प्रजाजन झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील शाळांतून व कारभारातून फ्रेंच भाषेची हकालपट्टी झाली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहान्वये १९२० साली मालमेदी बेल्जियमच्या ताब्यात आले.

याचा अर्थ असा की, ज्या सुमारास शर्यतीच्या मार्गाची आखणी झाली त्याच सुमारास त्या मार्गावरील आंतरराष्ट्रीय सीमा पुसली गेली होती. बंद वलयाकृती मार्ग सीमा ओलांडून गेला तर तो तिला पुन्हा एकदा ओलांडूनच परत येऊ शकतो. १९१४ साली हा त्रिकोण पुरा करावयाचा तर एका फेरीत दोनदा राज्य बदलावे लागले असते. १९४० साली जर्मनीने मालमेदीचा प्रदेश पुन्हा आपल्या राज्यास जोडला, तेव्हा तीच सीमा त्याच मार्गावर काही वर्षांसाठी परत आली. १९४४ च्या डिसेंबरात आर्देनच्या लढाईत स्ताव्हलो–फ्रँकोरशाँ रस्त्यालगतच्या अमेरिकी साठ्यातील पेट्रोल पेटवून जर्मन रणगाड्यांची वाट अडविण्यात आली. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या. मोटारप्रेमी प्रवासी ज्याला शर्यतीचा मार्ग म्हणून ओळखतो त्याच्या कडेला असा इतिहास उभा आहे, आणि तो नावांतून अजूनही डोकावतो.

२. पाणी, चढ आणि जकातचौकी

मार्गाच्या जोडनावातील ‘स्पा’ हा शब्द प्रथम विचारात घ्यावा. स्पा हे नगर त्रिकोणावर नाही. ते वायव्येस काही किलोमीटरांवर आहे. लोहयुक्त खनिज झऱ्यांमुळे ते शतकानुशतके आरोग्यस्थान म्हणून प्रसिद्ध होते, आणि १७१७ साली रशियाचा झार पीटर तेथे पाणी घेण्यास गेला होता. या नगराचे विशेषनाम सतराव्या शतकापर्यंत इंग्रजीत सामान्यनाम बनले. ‘खनिज झऱ्याचे कोणतेही स्थान’ असा त्याचा अर्थ झाला. पुढे अर्थविस्तार होऊन आज मराठी भाषिक शहरांतील दुकानांच्या पाट्यांवरही तो शब्द सौंदर्योपचारांच्या अर्थाने दिसतो. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचा हा प्रवास आहे. मार्गावरील नावांचा प्रवास नेमका याच्या उलट, सामान्यनामाकडून विशेषनामाकडे झालेला आहे.

‘फ्रँकोरशाँ’ या नावाचा परंपरागत अर्थ ‘फ्रँकांचे मैदान’ असा सांगितला जातो. उत्तरपदात लॅटिन ‘कांपुस’ म्हणजे मैदान वा शेत हा शब्द आहे, तर पूर्वपदात ‘फ्रांकोरुम’ या षष्ठी बहुवचनी रूपाचा अवशेष मानला जातो. लॅटिनमधील हा विभक्तिप्रत्यय बोलभाषेतून नाहीसा होऊन शतके लोटली. स्थलनामात मात्र तो अश्मीभूत होऊन राहिला आहे.

मार्ग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो. गावाजवळचे पहिले वळण ‘ला सूर्स’ म्हणजे ‘झरा’. मोटारीला जवळजवळ उलट फिरविणारे हे संथ वळण संपताच रस्ता दरीकडे उतरू लागतो. उताराच्या तळाशी एक ओढा आहे. त्याचे नाव ‘ओ रूज’, म्हणजे ‘लाल पाणी’. ज्या लोहद्रव्याने स्पाचे झरे प्रसिद्ध झाले त्याच लोहाच्या गंजाने या ओढ्याचा तळ तांबूस होतो. १८१५ पासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत प्रशियाची सीमा होती ती याच ओढ्यावर.

ही गोष्ट ध्यानात घेतली की पुढील नाव आपोआप उलगडते. मूळ मार्ग ओढा ओलांडल्यावर लगेच वर चढत नसे. तो डावीकडे एका जुन्या इमारतीपर्यंत जाई, तेथे उलट फिरे आणि मग चढास लागे. त्या वळणाचे नाव ‘आंसिएन दुआन’, म्हणजे ‘जुनी जकातचौकी’. सीमा नाहीशी झाली, चौकीचे काम संपले. नाव मात्र वळणास चिकटून राहिले. मराठी वाचकास हा प्रकार परका नाही. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ पासून बंद झाली, तरी ‘जकातनाका’ हे नाव बसथांब्यांवर व लोकांच्या बोलण्यात टिकून आहे. वस्तू नाहीशी झाल्यावरही नाव टिकते, याचे कारण हे की नावाचा उपयोग वस्तूचे वर्णन करण्यासाठी नव्हे, तर ठिकाण दाखविण्यासाठी होत असतो.

१९३९ साली हे वळण टाळून ओढ्यापासून थेट टेकडीवर चढणारा तुकडा बांधण्यात आला. त्याला ‘रेदियों’ म्हणतात. हा फ्रेंच भाषेतील साधा सामान्य शब्द असून ‘आखूड पण उभा चढ’ एवढाच त्याचा अर्थ आहे. मुळात ‘रेद’ म्हणजे ताठ, उभा. कोणत्याही फ्रेंच खेड्यात एखादी पाऊलवाट ‘रेदियों’ असू शकते. शर्यतीच्या जगात मात्र या नावाचे ठिकाण एकच आहे.

३. खेड्यांच्या दारातून

चढ संपल्यावर सरळ पट्टा लागतो आणि मार्ग ‘ले कॉम्ब’ येथे पोचतो. ‘कॉम्ब’ म्हणजे लहान दरी, खोलगट जागा. हा शब्द लॅटिनपूर्व गॉलिश भाषेतून आलेला आहे आणि वेल्श भाषेतील ‘कुम’ हा त्याचा सगा आहे. येथपर्यंतचा मार्ग आज बंदिस्त आहे; येथून पुढचा जुना मार्ग मात्र अद्यापही सार्वजनिक रस्ता असून कोणासही आपल्या मोटारीने त्यावरून जाता येते. अर्थात तो आता दुहेरी वाहतुकीचा, वेगमर्यादा असलेला ग्रामीण रस्ता आहे. जुन्या शर्यतीच्या स्मरणाने तेथे वेग वाढविण्यास कायद्याने वाव नाही, आणि विवेकानेही नसावा.

रस्ता ब्युर्नांव्हिल या वाडीतून एका दीर्घ उजव्या वळणाने मालमेदीच्या दिशेने उतरतो. ‘-व्हिल’ या उत्तरपदात लॅटिन ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडा हा शब्द आहे. ‘मालमेदी’चे मध्ययुगीन लेखांतील रूप ‘माल्मुंदारिउम’ असे आढळते. मठवासियांनी त्याची फोड ‘पापापासून शुद्ध केलेली भूमी’ अशी केली. लॅटिनमध्ये ‘मालुम’ म्हणजे अशुभ आणि ‘मुंदारे’ म्हणजे शुद्ध करणे. ही लोकव्युत्पत्ती आहे, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर पंडितांनी रचलेली लोकव्युत्पत्ती आहे. नावाचा खरा उगम तीवरून ठरत नाही. संताने भूमी पावन केली ही श्रद्धा मात्र तीतून कळते.

मालमेदीनंतर मास्ता येतो. हा जुन्या मार्गाचा गाभा. दोन लांबलचक सरळ पट्टे आणि त्यांच्या मधोमध, मास्ता या वाडीच्या घरांच्या जवळून, रस्त्याला पडलेला एक किंचित डावा-उजवा बाक. नित्याच्या रहदारीत हा बाक कोणाच्या लक्षातही येत नाही. गवताचे भारे घेऊन चाललेल्या गाडीच्या दृष्टीने रस्ता तेथे जवळजवळ सरळच आहे. शर्यतीच्या मोटारीला मात्र हेच मार्गावरील सर्वांत कठीण स्थळ होते, कारण पूर्ण वेगात असताना ते घरांच्या भिंती, खांब आणि कुंपणे यांच्यामधून पार करावयाचे असे. मोटारप्रेमी प्रवाशाने येथे सुरक्षित जागी मोटार उभी करून पायी चालून पाहावे. रस्त्याची रुंदी आणि घरांचे अंतर पायांनी मोजल्यावर जे कळते ते मोटारीत बसून कळत नाही.

ऑलोवेलचे वळण ओलांडून मार्ग स्ताव्हलोपाशी येतो. या नावाचा संबंध लॅटिन ‘स्ताबुलुम’ म्हणजे तबेला या शब्दाशी जोडला जातो. आरंभी शर्यत नगराच्या तोंडाशी असलेल्या अवघड वळणावरून जात असे. पुढे ते टाळणारे मोठे, वेगवान वळण बांधण्यात आले. तेथून रस्ता अरण्यातून वर चढत फ्रँकोरशाँकडे परततो.

या परतीच्या चढावर ‘ला कारिएर’ हे नाव भेटते, आणि येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. फ्रेंचमध्ये ‘कारिएर’ हे दोन भिन्न शब्द आहेत. त्यांचा उच्चार मात्र एक आहे. एक ‘दगडाची खाण’ या अर्थाचा. त्याचे मूळ लॅटिनमधील चौकोनवाचक शब्दात, म्हणजे चौकोनी चिरे काढण्याच्या जागेत आहे. दुसरा ‘दौडीचे मैदान, वाटचाल’ या अर्थाचा. तो इटालियनमार्गे आला असून त्याचे मूळ ‘कार्रुस’ म्हणजे गाडी या शब्दात आहे. हा ‘कार्रुस’ लॅटिनने गॉलिश भाषेकडून घेतला. ‘कार’ हे मोटारीचे नाव त्याच मुळापासून निघाले, आणि मराठीत रूढ झालेला ‘करिअर’ हा शब्दही या दुसऱ्या ‘कारिएर’चाच इंग्रजीमार्गे आलेला वंशज होय. मोटारी धावणाऱ्या मार्गावर ‘ला कारिएर’ वाचून दुसरा अर्थ सुचणे अगदी साहजिक आहे. परंतु डोंगराळ मुलखातील स्थलनाम म्हणून पहिलाच अर्थ स्वाभाविक ठरतो. शर्यतीच्या मार्गावरील नावांत शर्यत शोधू जाणारा वारंवार फसतो, तो असा. तेथे असतात झरे, ओढे, दऱ्या, वाड्या, तबेले आणि खाणी.

४. नावांमागील धोका

वरील सर्व नावे गावकऱ्यांची आहेत ही केवळ कौतुकाची गोष्ट नव्हे. जुना मार्ग प्राणघातक का ठरला याचे कारणही तीत आहे. मार्गावर मोकळी जागा नव्हती, कारण रस्त्याच्या कडेची प्रत्येक जागा कोणाच्या तरी उपयोगाची होती. झाड सावलीसाठी, कुंपण गुरांसाठी, खांब तारेसाठी, भिंत घरासाठी. यांतील एकही वस्तू शर्यतीसाठी धोकादायक म्हणून उभारलेली नव्हती; पण चाक घसरले की तीच वाटेत येई.

१९३९ च्या ग्रां प्रीत, पावसात आघाडीवर असलेला ब्रिटिश चालक रिचर्ड सीमन याची मोटार ला सूर्सच्या अलीकडे झाडावर आदळली व तो मरण पावला. १९६० ची शर्यत सर्वांत दुर्दैवी ठरली. सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉस आणि माइक टेलर हे वेगवेगळ्या अपघातांत गंभीर जखमी झाले. प्रत्यक्ष शर्यतीत २२ वर्षांचा ख्रिस ब्रिस्टो ब्युर्नांव्हिलच्या वळणावर मरण पावला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात २६ वर्षांचा ॲलन स्टेसी हाही. स्टेसीच्या चेहऱ्यावर उडता पक्षी आदळला होता. झाड, कुंपण, पक्षी — ही सारी ग्रामीण प्रदेशाची स्वाभाविक सामग्री.

हवामानाचाही यात वाटा होता. आर्देनच्या या भागात सरी अकस्मात येतात, आणि मार्ग चौदा किलोमीटरांचा असल्यामुळे एका टोकास रस्ता कोरडा तर दुसऱ्या टोकास ओला, अशी स्थिती वारंवार उद्भवे. १२ जून १९६६ रोजी कोरड्या रस्त्यावर सुरू झालेली शर्यत पहिल्याच फेरीत ब्युर्नांव्हिलच्या बाजूस मुसळधार पावसात सापडली आणि अनेक मोटारी एकदम बाद झाल्या. मास्ताच्या बाकापाशी जॅकी स्टुअर्ट याची मोटार रस्त्याबाहेर जाऊन चेमटली. पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत तो सुमारे पंचवीस मिनिटे तीत अडकून पडला होता. त्याला सोडविण्यासाठी ग्रॅहॅम हिल व बॉब बॉन्ड्युरंट या सहस्पर्धकांना एका प्रेक्षकाच्या हत्यारपेटीतून पाना मागून आणावा लागला. घटनास्थळी ना पुरेसे मदतनीस होते, ना साधने. स्टुअर्टने पुढील अनेक वर्षे सुरक्षिततेसाठी जी चळवळ चालविली तिचा आरंभ येथे झाला.

त्या चळवळीमुळे चालकांच्या संघटनेने मार्गावर सुधारणांची मागणी केली आणि १९६९ ची बेल्जियन ग्रां प्री रद्द झाली. १९७० साली ती पुन्हा जुन्या मार्गावर झाली. मेक्सिकोचा पेद्रो रोड्रिगेझ ताशी सुमारे २४१ किलोमीटर या सरासरी वेगाने ती जिंकला. त्यानंतर जुन्या मार्गावर ग्रां प्री झाली नाही. इतर शर्यती काही काळ चालू राहिल्या. १९७३ मध्ये फ्रान्सच्या आंरी पेस्कारोलो याने नोंदविलेल्या सर्वांत वेगवान फेरीची सरासरी ताशी २६२ किलोमीटर होती. हा आकडा मास्तावरील क्षणिक वेगाचा नसून खेड्यांमधून जाणाऱ्या संपूर्ण फेरीच्या सरासरीचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तो मार्ग पुढे का चालू ठेवता येत नव्हता हे वेगळे सांगावे लागत नाही.

५. नावांचे स्थलांतर

१९७९ साली मार्गाची पुनर्रचना झाली. ले कॉम्ब येथून उजवीकडे वळून दरीत उतरणारा आणि ब्लाँशिमाँच्या अलीकडे जुन्या रस्त्यास मिळणारा नवा तुकडा बांधण्यात आला. त्रिकोणाचा मालमेदी–मास्ता–स्ताव्हलो हा भाग गळाला व लांबी सुमारे ७ किलोमीटर झाली. १९८३ साली ग्रां प्री येथे परतली. उरलेल्या मार्गाचा काही भाग तरीही सार्वजनिक रस्ता म्हणून वापरात होता. २००० साली तो रहदारीस कायमचा बंद झाला.

नव्या तुकड्यावरील नावे पाहिली तर दोन प्रवृत्ती आढळतात. पहिली प्रवृत्ती स्थानिक शब्द स्वीकारण्याची. ‘पूहाँ’ हे तेथील एका वेगवान दुहेरी वळणाचे नाव. पूहाँ हा वालोन बोलीतील शब्द असून ‘लोहयुक्त पाण्याचा झरा’ असा त्याचा अर्थ आहे. ‘पाणी शेंदणे’ या अर्थाच्या वालोन धातूशी त्याचे नाते आहे. स्पा नगरातील मुख्य झऱ्यासही ‘पूहाँ’ म्हणतात. पुढचे नाव ‘फान्य’. फान्य म्हणजे उंचावरची दलदलीची, कुजट मातीची ओसाड भूमी. हा शब्द जर्मानिक कुळातून वालोनमध्ये आलेला असून इंग्रजी ‘फेन’ व जर्मन ‘फेन्न’ हे त्याचे सगे होत. अशा रीतीने एका फेरीत गॉलिश, लॅटिन, जर्मानिक, वालोन आणि फ्रेंच असे पाच थर लागतात.

दुसरी प्रवृत्ती जुनी नावे नव्या जागी नेण्याची. नवा मार्ग मालमेदीस जात नाही, तरी ले कॉम्बनंतरच्या एका वळणास ‘मालमेदी’ म्हणतात. तो स्ताव्हलो नगरापर्यंतही पोचत नाही, तरी ‘स्ताव्हलो’ हे नाव दरीतील एका वळणास मिळाले आहे. येथे स्थलनामाचा अर्थ ‘हे ते ठिकाण’ असा न राहता ‘जुना मार्ग या दिशेस जात असे’ असा झाला आहे. स्ताव्हलोच्या पुढील वळणास १९६० मध्ये ल माँची शर्यत जिंकणारा बेल्जियन चालक व पत्रकार पोल फ्रेर याचे नाव देण्यात आले. भूमीच्या नावाशेजारी व्यक्तीचे नाव येण्याचा हा नवा प्रकार होय.

अर्थविस्ताराचेही एक ठळक उदाहरण येथे सापडते. जगभरचे समालोचक व प्रेक्षक टेकडीवर चढणाऱ्या संपूर्ण वळणसमूहास ‘ओ रूज’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता ओ रूज म्हणजे केवळ तळाशी ओढ्याजवळचे डावे वळण. त्यापुढचा चढ तो रेदियों. स्थानिक जाणकार हा भेद आवर्जून सांगतात. २०१९ साली २२ वर्षांचा फ्रेंच चालक आंत्वान ह्युबेर ज्या अपघातात मरण पावला तो रेदियोंच्या माथ्यानजीक झाला, आणि २०२२ पर्यंत चढालगतची मोकळी जागा रुंद करण्यात आली. अशा प्रसंगी नावातील अचूकतेचे महत्त्व शब्दाच्या हौसेपुरते राहत नाही. अपघात नेमका कोठे झाला हे सांगण्यासाठी ती लागते.

अखेरचे उदाहरण इंग्रजीचे. फेरीच्या शेवटी एक तीव्र वळणजोडी होती. तिला ‘बस स्टॉप’ म्हणत, कारण रस्ता सार्वजनिक असताना तेथे खरोखरीच बसचा थांबा होता. बस गेली, थांबा गेला, २००७ च्या पुनर्रचनेत ती वळणजोडीही बदलली. नाव चालू आहे. जुन्या जकातचौकीचीच ही धाकटी बहीण.

६. निष्कर्ष

जुन्या मार्गाविषयी मोटारप्रेमी वर्तुळांत पुष्कळदा हळहळ व्यक्त केली जाते. ती समजण्याजोगी आहे. पण मास्ताच्या घरांजवळ उभे राहिल्यावर ती फार काळ टिकू नये. तेथील शर्यत थांबली हे योग्यच झाले. प्रेक्षकाकडून उसना पाना आणून माणसाचा जीव वाचवावा लागावा, हा कोणत्याही खेळाचा भूषणास्पद इतिहास नव्हे.

प्रश्न निराळा आहे. सुरक्षित मार्ग बांधताना भूमीपासूनचे अंतर वाढवावे लागते. घर, झाड व कुंपण दूर सारावे लागते. त्यांच्याबरोबर त्यांची नावेही दूर जातात. नव्याने बांधलेल्या अनेक मार्गांवर वळणे प्रथम क्रमांकानेच ओळखली जातात. क्रमांकाने ठिकाण दाखविता येते. पण तेथे पूर्वी काय होते, सीमा कोठून जात होती, पाणी का लाल होते, हे त्याला सांगता येत नाही. स्पा–फ्रँकोरशाँचे वैशिष्ट्य हे की, अर्धा मार्ग सोडून देतानाही त्याने आपली नावे सोडली नाहीत. म्हणूनच आज तेथे जाणाऱ्यास गमावलेल्या मार्गाचा माग घेता येतो.

अशा स्थळास भेट देणाऱ्याने म्हणून दोन गोष्टी कराव्यात. बंदिस्त मार्ग पाहून झाल्यावर ले कॉम्बच्या पुढील जुना रस्ता, वेगमर्यादा पाळून, मूळ दिशेने फिरावा. आणि फिरताना पाटीवरील प्रत्येक नावाचा अर्थ तेथे राहणाऱ्या माणसास विचारावा. त्याच्या उत्तरात शर्यतीचा उल्लेख येईलच असे नाही. पण शर्यत कोणाच्या अंगणातून जात होती, हे त्यातून कळेल.